खतावणीतला ‘ळ’

आमच्या पवनीत कॉम्प्युटरवर बोलायला कॉम्प्युटर लागत नाही. पान लागतं. बँकेपासून पन्नास पावलांवर जो पानठेला आहे, तिथं संध्याकाळी सहानंतर उभं राहिलं की जगातल्या कुठल्याही यंत्राची, सरकारची नि क्रिकेट कप्तानाची चौकशी पूर्ण होऊन निकालही लागलेला असतो. मी तिथं अधिकृत साक्षीदार आहे, कारण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. वस्तुतः माझा त्याच्याशी संबंध टांगेवाल्याचा घोड्याशी असतो तेवढाच. तो चालला तर मी चालतो. अडला तर गिऱ्हाईक मला शिव्या घालतं, घोड्याला नाही.

२०२४ सालच्या १९ जुलैला ठेल्यावर फार गर्दी होती. कॉम्प्युटरला चोरांपासून वाचवणं हाच जिचा धंदा, अशा एका अमेरिकन कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांना एक सुधारणा धाडली, आणि त्या सुधारणेनं जगातली सुमारे ८५ लाख यंत्रं आडवी केली. पडदे निळे पडले, विमानं जमिनीवर राहिली. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्यातल्या एकाचा फोटो ठेल्यावर मोबाइलमधून फिरत होता.

“पाहा बाबू,” ठेलेवाले भाऊ मला म्हणाले, “चौकीदारानंच घर पेटवलं. आन् आता पेन शोधून रायले.”

त्या दिवशी मला दुसरीच एक गोष्ट आठवली. तारीख १९ जुलै. १९६९ साली याच तारखेला इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. आम्हा बँकवाल्यांना ही तारीख लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते. (लग्नाची विसरून जे भोगतो ते घरात भोगतो, ही युनियनच्या सभेत विसरली तर चारचौघांत भोगावं लागतं.) राष्ट्रीयीकरण झालं म्हणून बँका पवनीसारख्या गावांपर्यंत आल्या, आणि बँका आल्या म्हणून माझ्यासारखा नागपूर विद्यापीठाचा बी. कॉम. गावाजवळच चिकटला. तेव्हा माझ्या इतिहासाची सुरुवात १९६९ पासून धरायला हरकत नाही, जरी माझा जन्म त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी झाला असला तरी.

आणि १९६९ हे साल पवनीच्या इतिहासातही जाडजूड अक्षरांत आहे. त्या हिवाळ्यात नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याची माणसं इथं कुदळी-फावडी घेऊन आली. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्यातले प्रमुख. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून त्यांनी एक मोठा बौद्ध स्तूप बाहेर काढला, कठड्याचे दगडी खांब काढले, आणि त्या खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं निघाली. नावं कुणाची? राजाची नव्हेत. ज्यानं ज्यानं पदरचे पैसे घालून एखादा खांब, एखादी आडवी शिळा दिली त्याचं नाव, आणि पुढं ‘दान’. झालं. ना खाते क्रमांक, ना वारसदार, ना आयएफएससी कोड. पण नोंद दोन हजार वर्षं टिकली आणि या काळात एकदाही ‘सर्व्हर डाऊन’ नाही. आमच्याकडे दहा वर्षं खात्यात हालचाल झाली नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. त्या हिशेबानं आमच्या गावचे दानशूर केव्हाच ‘अनक्लेम्ड’मध्ये जायचे.

असो. स्तूपाचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे दुसराही एक अहवाल त्याच वर्षीचा आहे. यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खातील की काय, या चिंतेनं सरकारनं ऑटोमेशनवर एक समिती नेमली होती. अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. चिंता खोटी नव्हती. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाऊसमध्ये कॉम्प्युटर बसू नये म्हणून साठच्या दशकात कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती पहारा दिला होता. यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून पहारा देतात हे ठाऊक होतं. आत येऊ नये म्हणून दिलेला हा पहिलाच.

बँकांत गाडी आणखी हळू. १९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात करार झाला आणि ठरावीक ठिकाणी, ठरावीक संख्येनं यंत्रं आणायची मुभा मिळाली. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेच्या डॉ. रंगराजन यांच्या समितीचा १९८४ चा अहवाल आला, मग १९८९ चा दुसरा. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द झोंबतो म्हणून की काय, शाखेत जे यंत्र आलं त्याचं नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. नाव एवढं लांब की उच्चारेपर्यंत एक व्हाउचर हातानं लिहून व्हायचं. आणि त्यावर बसणाऱ्याला विशेष भत्ता. ज्याच्याविरुद्ध काल मुठी वळल्या होत्या त्याच्यासमोर आज बसायला सीनियॉरिटीची यादी लागली, हे मला मोठ्या बाबूंनी सांगितलं. स्वतः मोठे बाबू त्या यादीत नव्हते. ते नागपूरच्या मोर्चात घोषणा देऊन आलेले, आणि दिलेल्या घोषणेला जागणारे. हल्ली मिळत नाहीत असे.

मोठ्या बाबूंबद्दल थोडं सांगायलाच हवं. मी २००४ साली रुजू झालो तेव्हा ते निवृत्तीला आलेले होते. आमच्या शाखेत लेजरं तेव्हाही पुरती गेली नव्हती. लाल कापडी पाठीची, पोत्यासारखी जड, पान उलटलं की वारा लागावा अशी. कॉलेजात आम्ही त्यांना ‘खतावणी’ म्हणायचो आणि परीक्षेपुरतं ओळखायचो. मोठे बाबू ती खतावणी मांडीवर नातू घ्यावा तशी घेत. अक्षर असं की शिलालेख कोरणाऱ्यानं मान खाली घालावी. २००० साली जगाला वायटूकेची धडकी भरली होती तेव्हा आमच्या शाखेत काय झालं, हे ते फार रंगवून सांगायचे. छापील कागदांवर तारखेच्या जागी ‘१९’ आधीच छापलेलं असायचं. बाबूंनी त्यावर एक काट मारली आणि पुढं ‘२०००’ लिहिलं. एवढाच आमचा वायटूके. खर्च, अर्धा थेंब शाई.

मी मात्र नव्या युगाचा. एमएस-सीआयटी उत्तीर्ण. २००१ साली तो अभ्यासक्रम निघाला आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात माउस धरून डोंगर, सूर्य नि झोपडी काढणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. त्या झोपडीच्या बळावर मला शाखेतला कॉम्प्युटर-तज्ज्ञ नेमण्यात आलं. पानठेल्यावरही माझा भाव वधारला. महासंगणक ‘परम’ १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकनं केला, आणि तो करणारे विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, ही माहिती मी तिथं पुरवली. तेव्हापासून महासंगणक हा विदर्भाचा अनुशेष भरून काढायला निघालेला एक गृहस्थ आहे अशी भाऊंची समजूत आहे. आणि खरं सांगायचं तर भाऊंना एवढं तरी का पटू नये? कॉम्प्युटरचे भोक्ते पंतप्रधान राजीव गांधी १९८८ च्या एप्रिलमध्ये खुद्द आमच्या तालुक्यात आले होते, गोसीखुर्द धरणाचा पाया घालायला. तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचं. पुढं ते अठरा हजार कोटींच्या पार गेलं. मी कॉमर्सचा माणूस. हा आकडा मी यंत्रावर दोनदा करून पाहिला. यंत्राची चूक नव्हती.

आता मुद्द्यावर येतो, कारण माझी चूक होती.

लेजरातली खाती कॉम्प्युटरात चढवायचा हुकूम आला. दिवसा गिऱ्हाइकं, म्हणून काम रात्री. पद्धत अशी की एकानं लेजर वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. वाचायला आमचा शिपाई, अस्सल इथला. टाइप करायला मी. चहाचे थर्मास, मच्छर अगरबत्ती आणि नावं. रात्री अकरानंतर माणसाच्या कानाला सगळी नावं एकच वाटतात.

आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, तसा ‘ळ’ही नाही. पाणी म्हणजे पानी, काळा म्हणजे कारा, डोळा म्हणजे डोरा. यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या माणसाला जितक्या सहज ‘ळ’ येतो तितक्याच सहज आमचा येत नाही. पण लेजरात मोठ्या बाबूंनी सुवाच्य देवनागरीत लिहिलेलं असायचं ‘कमळाबाई’, शिपाई वाचायचा ‘कमराबाई’, आणि मी इंग्रजीत ठोकायचो तेच. वर बघायला कुणाला वेळ होता? मोठे बाबू स्वतः बोलायचे ‘र’. पण समोरची बाई ‘कमरा’ म्हणाली की त्यांच्या हातून कागदावर ‘ळ’ उतरायचा. हे कुठल्या समितीच्या अहवालात नव्हतं.

सगळं चढवून झाल्यावर आम्ही रकमा जुळवल्या. पहिल्या दिवशी सव्वातीन रुपयांचा फरक निघाला. त्या सव्वातीन रुपयांसाठी आम्ही चार रात्री जागलो, आणि फरक सापडला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले. पैन् पै जुळली. नावं कुणीच जुळवली नाहीत, कारण नावांची बेरीज करता येत नाही. बॅलन्स जुळला म्हणजे सगळं जुळलं, अशी आम्हा कॉमर्सवाल्यांची श्रद्धा.

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेतच. पहिलं आधार कार्ड २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि बघता बघता ते वैनगंगेच्या काठी पोचलं. २०१४ साली जनधन. २०१६ च्या एप्रिलात यूपीआय सुरू झालं तेव्हा ठेल्यावर कुणाला पत्ता नव्हता. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, आणि मग सगळ्यांना पत्ता लागला. त्या पन्नास दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. बँकेतला कुठलाच माणूस लिहिणार नाही. एवढंच सांगतो, भाऊंनी तेव्हा माझ्याकडून पानाचे पैसे घेतले नाहीत. आज त्यांच्या कात-चुन्याच्या डब्यांशेजारी एक पेटी बसली आहे आणि ती “दहा रुपये प्राप्त हुए” असं हिंदीत ओरडते.

आमचंही बारसं झालं. २०२४ च्या मार्चमधल्या करारानं ‘क्लार्क’ हा शब्द गेला. आता आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’. बायकोनं विचारलं, पगार वाढला का? म्हटलं, वाढला. मग ती म्हणाली, तर मग काहीही म्हणोत.

तर गेल्या वर्षी एक आजी काउंटरवर आल्या. त्यांना आपण कमळाबाईच म्हणू. खरं नाव वेगळं आहे, पण त्यातही ‘ळ’ आहे. सारं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. श्रावणबाळ योजनेचे पैसे चार महिने आले नव्हते. तहसीलवाले म्हणाले बँकेत जा, बँकेनं आधी एकदा सांगितलं होतं तहसिलात जा. मी खातं उघडून पाहिलं. आधार जोडलेलं नव्हतं, कारण नाव जुळत नव्हतं. आधारवर ‘कमळाबाई’, आमच्याकडे ‘कमराबाई’.

“आजी, तुमचं नाव काय?” मी विचारलं.

“कमराबाई.”

“आधारवर तर कमळाबाई आहे.”

“तेच तं सांगून रायली मी. कमराबाई.”

यंत्राला अंगठा चालेल का बघितलं. कशाचा चालतो! तेंदूपत्ता नि तंबाखू चोळून चोळून बोटांवरच्या रेषा गेलेल्या. यंत्र तीनदा लाल झालं. म्हणजे नाव सांगून माणूस पटत नव्हता, आणि बोट दाखवूनही पटत नव्हता. काउंटरच्या पलीकडे आजी स्वतः उभ्या होत्या, ही बाब ग्राह्य धरायची सोय नव्हती. दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, असं सांगून मी त्यांना वाटेला लावू शकलो असतो. नियमानं तेच बरोबर होतं. मी तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात पडद्यावर खालच्या कोपऱ्यात दिसलं: खातं कुणी चढवलं. कर्मचारी क्रमांक माझा.

वीस वर्षं ती बाई आमच्या पुस्तकात चुकीच्या नावानं राहत होती आणि तिला तिथं ठेवणारा मी होतो. सव्वातीन रुपयांसाठी चार रात्री जागलेला.

म्हटलं, आजी, सोमवारी या.

जुनी लेजरं मागच्या खोलीत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा पाणी त्या खोलीतही शिरलं होतं आणि खालच्या दोन रॅकांचा लगदा झाला होता. कुठलं लेजर कुठं, हे कॉम्प्युटरात नाही. मी संध्याकाळी मोठ्या बाबूंकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरात, घाटाजवळ राहतात, एका कानानं ऐकतात. सगळी हकिकत सांगितली. ‘र’ चं सांगताना मला थोडी लाज वाटली. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विडीवाल्या बायांचं वेगळं लेजर केलं होतं मी. सत्याऐंशी साल. वरच्या रॅकवर ठेवलं होतं. वैनगंगेचा भरोसा नाही म्हणून.”

“सत्याऐंशीपासून?”

“तुम्ही लोक कॉम्प्युटर आणून रायले होते ना. मले वाटलं, कधीतरी लागन.”

शनिवारी दुपारी शिडी लावून चढलो. शिंकांनी जीव गेला. वाळवीनं पाठ खाल्ली होती, पण पानं शाबूत. चाळता चाळता सापडलं. ‘कमळाबाई’, खाली नवऱ्याचं नाव, वस्ती, उंची, डाव्या गालावर तीळ, आणि जांभळ्या शाईतला एक अंगठा, रेषान् रेषा मोजून घ्यावी असा ठसठशीत. आजी तेव्हा तरुण असणार. ‘ळ’ ला बाबूंनी एक जास्तीचं वळण दिलेलं. मी त्या पानाचा फोटो काढला. जगन्नाथ टेकडीच्या खांबांवरच्या नावांचेही लोक असेच फोटो काढतात.

मॅनेजर आता तिशीची मुलगी आहे, लातूरकडची. तिनं पान पाहिलं, तीळ वाचला, आणि म्हणाली, “सर, हे तर केवायसी आहे!” दुरुस्ती मी भरली, तिनं मंजूर केली. आमच्यात नियमच आहे, करणारा एक नि तपासणारा दुसरा. वीस वर्षांपूर्वी हा नियम थर्मासजवळ झोपला होता. नाव जुळल्यावर आधार जोडलं गेलं. अंगठ्याऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटली, तीही दुसऱ्या प्रयत्नात, आजींना उजेडाकडे तोंड करून बसवल्यावर. तीळ आहे तिथंच आहे.

सगळ्या हप्त्यांचे पैसे एकदम आले त्याला आणखी दीड महिना लागला. त्या दिवशी आजी सुनेला घेऊन आल्या. मी मोठ्यानं नाव पुकारलं, “कमळाबाई!” कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. सून इकडंतिकडं बघू लागली. मग मी म्हटलं, “कमराबाई!”

“आवो, हाय ना बाबू,” म्हणत आजी उठल्या.

यंत्रावर बोट चालत नाही, तेव्हा पैसे काढायच्या कागदावर जुन्या पद्धतीनं अंगठा. ड्रॉवरमधून स्टॅम्प पॅड काढलं तर ते पापडासारखं वाळलेलं. वर्षभर कुणी उघडलंच नव्हतं. मी माझ्या बाटलीतले चार थेंब त्यावर टाकले आणि बोटानं चोळले. आजींनी अंगठा उठवला. पुसट, रेषा नसलेला, नुसता एक जांभळा गोळा. साक्षीदार म्हणून मी सही केली. नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, मग सुनेकडून एकदा मोजवल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या, आणि शाईचा अंगठा केसांना पुसत त्या दाराकडे निघाल्या.